धोकादायक यादीतला संघ

2014 सालच्या ऑक्टोबरात नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटी एफसी नावाचा फुटबॉल संघ राहायला आला आणि दोन मोसम काढून अंधेरीला निघून गेला. एवढ्या मुदतीत आमच्या इमारतीतल्या भाडेकरूंची वॉचमनशीसुद्धा धड ओळख होत नाही. मी मात्र तेवढ्यात त्या संघाचा जन्मभराचा होऊन बसलो.

याला कारण आहे. काहीही बघण्यासारखं असलं की आम्हा नवी मुंबईकरांना वाशीची खाडी ओलांडून तिकडे जावं लागतं. इथे संघच खाडी ओलांडून आमच्याकडे आला होता, आणि तोही केवढ्या थाटात! मालकांत रणबीर कपूर, मैदानावर फ्रेडी ल्युंगबर्ग आणि निकोलस अनेल्का, प्रशिक्षक इंग्लंडचे पीटर रीड. फक्त फुटबॉल तेवढा यायचा राहिला होता. पहिल्या मोसमात 14 सामन्यांत मिळून 12 गोल झाले. त्यातले 5 एकाच संध्याकाळी पुण्याच्या संघावर चढवले होते, आणि त्यात आंद्रे मॉरित्झचे तीन. म्हणजे उरलेल्या 13 सामन्यांत 7. आठ संघांत आम्ही सातवे. माझं दुर्दैव असं की ती पाच गोलांची संध्याकाळ मी स्टेडियममध्ये बसून पाहिली. ती हुकली असती तर आज मी चारचौघांसारखा क्रिकेट बघून वेळेवर झोपणारा गृहस्थ असतो.

ल्युंगबर्ग म्हणजे साधा माणूस नव्हे. ज्या आर्सेनलनं 2003-04 ची अख्खी लीग एकही सामना न हरता काढली, त्या संघातला. नेरुळला मात्र त्याच्या वाट्याला खेळापेक्षा दुखापतच जास्त आली. दुसऱ्या वर्षी अनेल्कालाच प्रशिक्षक केलं. म्हणजे तो स्वतःच खेळणार आणि स्वतःलाच बदली करणार! त्या वर्षी लिलावात सुनील छेत्रीला 1 कोटी 20 लाखांना घेतलं. त्यानं ऑक्टोबरअखेर ईशान्येच्या संघाविरुद्ध नेरुळात हॅटट्रिक मारली. इंडियन सुपर लीगमधली भारतीय खेळाडूची ती पहिली. आम्ही हवेत. तीन आठवडेही झाले नाहीत तोवर, 17 नोव्हेंबर 2015 ला फातोर्ड्याला गोव्यानं आम्हाला सात-शून्य हाणलं. त्यांच्या तर एकाच सामन्यात दोन हॅटट्रिक.

त्या रात्री मेहुण्याचा फोन आला. माझी सासुरवाडी कोल्हापूरची.

"दाजी, सातच झाले, का अजून चालू हाय?"

कोल्हापूरच्या माणसाशी फुटबॉलवर वाद घालता येत नाही. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पोलीस बंदोबस्त लागतो. तिथे कुणी संघ 'निवडत' नाही. ज्या पेठेत जन्म, तो संघ. मी दूरदर्शनवर विश्वचषक बघून फुटबॉल शिकलेला माणूस. मला मेहुणा लग्नातल्या बँडवाल्याइतकाही मान देत नाही.

2016 पासून आमचा संघ अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलात खेळू लागला. म्हणजे नेरुळहून कुर्ला, कुर्ल्याहून घाटकोपर, तिथून मेट्रोनं आझाद नगर. संघ त्याच वर्षी गुणतक्त्यात पहिला आला, हा निव्वळ योगायोग असं मी मानतो. बायको मानत नाही. तिच्या मते संघाला माझ्यापासून लांब राहण्याचा फायदा झाला. उपांत्य फेरीत कोलकात्यानं बाहेर काढलं तेव्हा कुठे घरात समतोल आला.

आता संघ कसा उभा करावा यावर माझी ठाम मतं आहेत. ती तयार व्हायला आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कारणीभूत आहेत. आमची इमारत सिडकोनं बांधलेली. स्लॅबचं प्लास्टर अधूनमधून खाली येतं आणि पुनर्विकासाची फाइल अधूनमधून वर जाते. सेक्रेटरींना जगातल्या सगळ्या प्रश्नांत पुनर्विकास दिसतो. ते माझ्याकडे सामना बघायला येतात आणि खेळापेक्षा बचावफळीतल्या भेगा बघतात.

"आधी स्ट्रक्चरल ऑडिट करा," ते म्हणतात. "महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी लावते की नाही? सी-वन म्हणजे ताबडतोब खाली करा, सी-टू-बी म्हणजे रहिवाशांना न हलवता दुरुस्ती. तुमचा सेंटर बॅक सी-वन आहे. तुम्ही त्याला रंग देताय."

यात तथ्य आहे, हे मला कबूल करावं लागतं. ल्युंगबर्ग काय, पुढचा दिएगो फोर्लान काय, सगळा दर्शनी भागाचा रंग. फोर्लान 2010 च्या विश्वचषकात स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. आमच्याकडे आला 2016 ला. तरीही चांगला खेळला बिचारा. पण मोसम संपला की ही माणसं जातात आणि मागे उरतो तो फोटो.

मग 2019 च्या नोव्हेंबरात मोठा बिल्डर आला. मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपनं 65 टक्के हिस्सा घेतला. सेक्रेटरी हरखले. आमच्याकडे 51 टक्के सह्या जमवताना त्यांच्या चपला झिजल्यात. तिकडे एका फटक्यात 65! आणि या बिल्डरनं काम केलं, हे नाकारता येणार नाही. त्यांनी गोव्याकडे पाहिलं. ज्या गोव्यानं आम्हाला सात मारले त्यांचा प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा उचलला, शिवाय अहमद जाहू, ह्यूगो बुमू, मुर्तदा फॉल आणि मंदार राव देसाई. गोव्याला समुद्रकिनारा तेवढा ठेवला. 2020-21 मध्ये साखळीत पहिले, उपांत्य फेरीत त्याच गोव्याला पेनल्टींवर हरवलं, आणि 13 मार्च 2021 ला त्याच फातोर्ड्यात अंतिम सामना. 90व्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल. 2-1. विजेते!

आणि हे सगळं करोनाच्या दिवसांत. सगळे सामने गोव्यात, मैदानं रिकामी, प्रेक्षकांना बंदी. इतकी वर्षं घसा फोडला तेव्हा सातवे, सहावे, पाचवे. आम्हाला आत यायला मनाई झाली तेव्हा विजेते. यावर बायको काही बोलली नाही. फक्त चहा ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

म्हणजे विकत घेऊन संघ उभा राहतोच. हे पटायला जड जातं, पण 2022-23 लाही आम्ही साखळीत पहिले होतो, आणि 4 मे 2024 ला कोलकात्यात मोहन बागानला 3-1 हरवून पुन्हा चषक आणला. तेव्हा माझं म्हणणं पैशाच्या विरोधात नाही. बिल्डर असावा. पण इमारत कुणाची, हे त्याला माहीत असावं.

मधल्या काळात संघ एकदा माहेरी आला होता. 6 नोव्हेंबर 2023, आशियाई चॅम्पियन्स लीग, समोर सौदीचा अल हिलाल, सामना आमच्या नेरुळात. अल हिलालमध्ये नेमार! पामबीच रोडवरून नेमार जाणार या कल्पनेनं सीवूड्सपासून बेलापूरपर्यंत माणसं वेडी झाली. माझ्या ओळखीच्या एकानं मुलीचा साखरपुडा एक दिवस पुढे ढकलला. आणि सामन्याला तीन आठवडे उरले असताना ब्राझीलकडून खेळताना माँटेव्हिडिओत नेमारचा गुडघा गेला. कुठे माँटेव्हिडिओ, कुठे नेरुळ. पण जुईनगरच्या रिक्षा स्टँडवर लोक एकमेकांना गुडघ्याच्या लिगामेंटची माहिती देत होते. अल हिलालनं आम्हाला 2-0 हरवलं. त्या गटात आम्ही सहाच्या सहा सामने हरलो. तरीही त्या रात्री स्टेडियमबाहेर पडताना मला वाटलं, हा संघ इथे हवा.

स्टेडियमचा दोष नाही. 2008 साली उभं राहिलं तेव्हापासून ते बिचारं सगळ्यांना जागा देतं. तिथे जस्टिन बीबर गाऊन गेला, कोल्डप्लेनं तीन रात्री दणाणून सोडल्या, 2022 ला मुलींच्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली, आणि 2 नोव्हेंबर 2025 ला भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक तिथेच उचलला. त्या गवताला सगळ्यांचे पाय माहीत आहेत. फक्त हक्काच्या भाडेकरूचा पत्ता नाही.

पुढचं सगळं सेक्रेटरींच्या भाषेतच सांगावं लागेल. 29 मार्च 2025 ला बेंगळुरूनं आम्हाला पाच-शून्य मारून बाद केलं. जुलैत लीगच लटकली, कारण महासंघ आणि आयोजक कंपनी यांचा करार संपत आला होता. महासंघानं टेंडर काढलं. नोव्हेंबरात मुदत संपली आणि एकही बोली आली नाही.

"आमच्याही टेंडरला कुणी आलं नव्हतं," सेक्रेटरी हळवे होऊन म्हणाले. प्रथमच त्यांनी फुटबॉलकडे आपलेपणानं पाहिलं.

डिसेंबरात बिल्डर गेला. सिटी फुटबॉल ग्रुपनं आपला हिस्सा सोडला आणि संघ पुन्हा मूळ मालकांकडे आला. शेवटी लीगला 14 फेब्रुवारी 2026 चा मुहूर्त निघाला. प्रेमाचा दिवस, म्हणे. तेव्हा इतर नवरे गुलाब शोधत होते आणि मी वेळापत्रक.

असल्या वेळी प्रत्येक चाहता एकच ओरडतो: कोच बदला. हा सल्ला ज्यांना द्यावासा वाटतो त्यांनी मुंबई एफसीची गोष्ट ऐकावी. हा वेगळा संघ. आय-लीगमधला, गरीब, 2007 ला निघालेला. खालिद जमील त्याचा प्रशिक्षक होता. संघ बहुतेकदा खालच्या भागात, पण दर वर्षी कसाबसा वाचलेला. लोक म्हणायचे, हा नुसता वाचवतो, जिंकत कधीच नाही. 2016 ला तो गेला. आशुतोष मेहता आणि आपला जयेश राणे यांच्यासारख्या मुंबईच्या जुन्या पोरांसह त्यानं 2016-17 ला मिझोरमच्या ऐझॉलला आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन लीगबाहेर पडली आणि संघच बंद झाला. 2025 च्या ऑगस्टात खालिद भारताचा प्रशिक्षक झाला. नुसता वाचवणारा माणूस काय किमतीचा असतो, हे तो गेल्यावर कळतं. महाराष्ट्रात संघ बंद पडणं हा तसाही वेगळा क्रीडाप्रकार आहे. महिंद्रा युनायटेडसारखा राष्ट्रीय विजेता 2010 ला गुंडाळला, पुण्याची तर रांगच लागली.

तेव्हा माझं म्हणणं असं. नवे परदेशी नंतर आणा. प्रशिक्षकाला तीन वर्षं हात लावू नका, त्यानं स्वतःहून राजीनामा दिला तरी फाडून टाका. आणि पोरं इथली घ्या. परवा लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचा मुलगा भेटला. अंगात आकाशी निळी जर्सी, पाठीवर हालँड, घोट्यापर्यंत चिखल, हातात बुटांची पिशवी. सानपाड्याच्या टर्फवरून आला होता. तिथे उड्डाणपुलाखाली जाळी लावून तासावर मैदान मिळतं.

"मुंबई सिटीच्या जर्सीचा रंग हाच आहे, माहितीय?" मी विचारलं.

"काका, मुंबईची पण सिटी आहे?"

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली. तो उतरला. मी सहावा मजला येईपर्यंत उत्तर तयार केलं, पण ऐकायला कुणी नव्हतं.

या पोराला शनिवारी सकाळी नेरुळात संघाचा सराव बघायला मिळाला, राइट बॅकनं त्याच्या बुटावर सही केली, आणि त्याच टर्फवर येऊन क्लबच्या माणसानं दोन पोरं हेरली, तर पाच वर्षांत मला लिफ्टमध्ये असला अपमान सोसावा लागणार नाही. यात कोट्यवधी लागत नाहीत. पत्ता लागतो. सेक्रेटरींचं म्हणणं, याला ते ट्रान्झिट कॅम्प म्हणणार नाहीत, कायमचा ताबा म्हणतील.

ही योजना मी मेहुण्याला स्पीकरवर ऐकवली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, ही गोष्टच काळजी करण्यासारखी होती.

"दाजी, एवढा कुटाणा कशाला? टीम हिकडंच आणा की. शाहू स्टेडियम हाय, पब्लिक हाय. पोरं तर दर गल्लीत हायत. अनिकेत जाधव आमचाच न्हवं, सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप खेळून आला. आन् कोच बदलायचा का ठेवायचा, ते तालमीत बसून ठरवू."

"आणि नाव?"

"पेठेचं."

"अरे, निदान मुंबई तरी राहू दे."

"ऱ्हाऊ दे की. मागच्या बाजूला, बारीक अक्षरात."

सेक्रेटरी इतका वेळ गप्प होते. त्यांनी फोन आपल्याकडे ओढला, चष्मा लावला आणि विचारलं, "स्टेडियमची जागा फ्रीहोल्ड आहे का?"