बुडायचं नियोजन

मालवणच्या समुद्रात हौशी माणसाला पाण्याखाली ठेवतात फार तर अर्धा तास. त्या अर्ध्या तासासाठी वर्ध्याहून निघायचं, तर नागपूर-मडगाव गाडी आपल्याला उचलते, भुसावळ, नाशिक, कल्याण, पनवेल अशी निम्म्या महाराष्ट्राला प्रदक्षिणा घालते आणि दुसऱ्या दिवशी कुडाळला उतरवते. आमच्या घरात या प्रकाराला ‘एक दिवसाची स्कुबा ट्रिप’ म्हणतात. नाव मेव्हण्याने ठेवलंय. तो विमा विकतो. वीस वर्षांचे हिशेब तोंडपाठ, दिवसांचे तेवढे जमत नाहीत.

खरं तर आधी अंदमान ठरत होतं. तिथल्या हॅवलॉक बेटाचं नाव २०१८ साली स्वराज द्वीप झालं, हे समजल्यापासून सेवाग्रामला राहणाऱ्या मामाजींना त्या बेटावर आपला वडिलोपार्जित हक्क वाटायला लागला होता. बेत असा, की पहाटे नागपूरहून विमान, दुपारी बुडी, रात्री घरी वरण-भात. तो मोडला नायट्रोजनने. खोल पाण्यात दाब वाढतो, श्वासातला नायट्रोजन रक्तात नि अंगात विरघळतो, आणि तो पुरता बाहेर पडायच्या आत विमानाने उंच गेलं तर त्याचे बुडबुडे होतात. सांधे धरतात, कधी जिवावरही बेतू शकतं. म्हणून बुडी मारल्यावर साधारण १८ तास विमानात बसायचं नाही.

“अठरा तासाचं सुतकच म्हना न बाप्पा,” मामी म्हणाल्या, आणि अंदमान रद्द झालं.

मालवण त्या मानाने आपलं. शिवाजी महाराजांनी १६६४ साली तिथल्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला, त्याच किल्ल्याच्या आसपास आता लोक बुड्या मारतात. शेजारी तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कुबा शिकवणारं केंद्रही आहे. मेव्हण्याने दाखवलेल्या जाहिरातीत ‘उष्णकटिबंधातील सोनेरी ऊन अनुभवा’ असं छापलं होतं. कर्कवृत्त वर्ध्याच्या कितीतरी वर, मध्य प्रदेशातून जातं. म्हणजे उष्णकटिबंधात आम्हीही जन्मापासून आहोत. ऊन भरपूर मिळालं, समुद्राचं तेवढं राहून गेलं.

तारीख ठरवायला बसलो तेव्हा विदर्भाचं पंचांग आडवं आलं. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला, बुडी बंद. ऑक्टोबरात सोयाबीन. मग कापसाची वेचणी. तेव्हा बाया मिळाल्या तर मालक शेतातून हलत नाही, नाही मिळाल्या तर मालकीणही हलत नाही. पुढे लग्नं, मग परीक्षा. उरला मे. आणि मेमध्ये पारा ४५ च्या पुढे सरकला, की वर्धेकर कूलरमध्ये पाणी भरण्यापलीकडे कसलाच निर्णय घेत नाही.

तरी मेच धरला.

पोहता येतं का, हा प्रश्न मामाजींना अपमानास्पद वाटला. त्यांची पिढी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलली गेलेली. “आमी डबा बांधत होतो तो बुडू नाई म्हनून. अन् हे लोक पाठीवर टाकी देतात, वरून कमरेले शिसं बांधतात, ते बुडावं म्हनून? अन् पैसे कोन कोनाले देते?” मेव्हण्याने सांगितलं, की हौशी बुडीत पोहता आलंच पाहिजे असं नाही, शिकवणारा धरून नेतो. टाकीत नुसता ऑक्सिजन नसतो, आपली रोजचीच हवा दाबून भरलेली असते. हे ऐकून मामाजींचा पैशांबद्दलचा संशय आणखी पक्का झाला.

त्यानंतर निघाला आरोग्याचा फॉर्म. दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, रक्तदाब, फिट, हृदय. वर्ध्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन मेडिकल कॉलेजं असल्याने आजार लपवायची आमच्याकडे पद्धत नाही. उलट केसपेपर लॅमिनेट करून ठेवतात. मेव्हणा एकेक प्रश्न वाचत गेला आणि बैठकीत हात वर होत गेले. काकूंनी तर फॉर्ममध्ये नसलेले आजारही सुचवले. आदल्या रात्री दारू घेऊ नये, या अटीवर मात्र एकमत झालं. जिल्ह्यात दारूबंदीच आहे. कागदोपत्री ही अट आम्ही कित्येक दशकं पाळतोय.

खरी पंचाईत पुढेच होती. पाण्याखाली बोलता येत नाही. रेग्युलेटर दातांत धरायचा, श्वास तोंडाने घेत-सोडत राहायचा, अजिबात रोखायचा नाही. कानांना दडे बसले की नाक दाबून हलकेच फुंकायचं.

“अन् खर्रा?” मामाजींनी विचारलं.

खर्रा काठावर ठेवून यावा लागेल, हे त्यांना कुणी सांगायचं यावरून घरात बराच वेळ नुसते हातवारे झाले. तेवढा सराव आपोआप झाला म्हणून मेव्हण्याने गच्चीवर पुढचे हातवारे शिकवायला घेतले. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. अंगठा वर केला, तर अर्थ होतो ‘मला वर न्या’. मामाजी कुठलीही गोष्ट आवडली की अंगठा वर करतात. तर्री पोहे आले तरी, नातवाचा निकाल लागला तरी. म्हणजे पहिला रंगीत मासा दिसताच हा गृहस्थ वर येणार, अर्ध्या तासाच्या पैशांत अर्ध्या मिनिटाचा समुद्र पाहून. मेव्हण्याने परोपरीने समजावलं. मामाजींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि समजलं म्हणून अंगठा वर केला.

तिकिटं काढून झालीत. मामींचं सामान बांधणं चालू आहे. गोरसपाकाचे डबे, शेवचिवडा, दशम्या, आणि दाराशी पाण्याची वीस लिटरची कॅन.

“समुद्राले चाललो न आपन,” मी म्हटलं.

“म्हनून तं,” मामी म्हणाल्या. “थे खारं असते.”