रायझरबुवा

अमेरिकेत मोटारीसाठी बांधलेल्या गॅरेजात मोटार सोडून बाकी सगळं मावतं. तिथल्याच एका कोपऱ्यात रायझरबुवांचं दैवत उभं असतं: ओतीव लोखंडाचा, १४ इंची चाकांचा, जुना डेल्टा बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवरून फिरणाऱ्या अखंड पात्याची करवत. मिलवॉकीची ही डेल्टा कंपनी १९४५ साली रॉकवेलने विकत घेतली. त्यामुळे पाटीवर नाव कोणाचं, एवढ्यावरून बुवा यंत्राची कुंडली मांडतात. नातवाचं वय विचारलं, तर मात्र आत हाक मारून खात्री करून घेतात.

दैवतात खोट एकच. त्यात ६ इंचांहून उंच लाकूड जात नाही. बुवांच्या मनात तर अक्रोडाची जाड फळी उभी चिरायची, दोन्ही पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उघडून शेजारी चिकटवायचे आणि रेषांचा आरसा साधायचा, असं असतं. सुदैवाने या करवतीचा सांगाडा दोन तुकड्यांचा, एका जाड बोल्टने जोडलेला. बोल्ट काढायचा, मधे ६ इंचांचा ओतीव ठोकळा, म्हणजे रायझर ब्लॉक, ठेवायचा आणि लांब बोल्टने सगळं आवळायचं. झाले १२ इंच! रुंदी तसूभरही वाढत नाही, कारण चाकं तीच. पण हा विषय बुवा काढत नाहीत.

ठोकळा एकटा येत नाही. पातं वर जाऊन खालीही येतं, म्हणून त्याची लांबी ९३½ इंचांवरून थेट १०५ वर जाते आणि भिंतीवर वेटोळी करून टांगलेली जुनी पाती एका दुपारीत बाद होतात. पातं सरळ धरणाऱ्या गाइडचा दांडा लांब हवा, पात्यावरचं झाकणही लांब हवं. ताणाची स्प्रिंग म्हातारी झालेली. बुवा ती पिळत राहतात आणि वरच्या चाकाचा ब्रॅकेट वाकतो. मग ब्रॅकेट.

आता दोन्ही चाकं एका पातळीत आणणं. बुवा लांब पट्टी लावतात, एक डोळा मिटतात, वॉशर घालतात, काढतात. शेवटी यंत्र चालू करून टेबलावर पाच सेंटचं नाणं कडेवर उभं करतात. नाणं पडलं नाही, की शेजाऱ्याला बोलावणं जातं. शेजारी आला की नाणं पडतं.

पहिली फळी लागते. अर्ध्या अश्वशक्तीची मूळ मोटर १० इंच उंच अक्रोडात शिरताच कण्हायला लागते. कापही रेघ सोडून तिरका पळतो. तो दोष पात्याचा, असं बुवा ठामपणे सांगतात आणि त्याच संध्याकाळी दीड अश्वशक्तीची मोटर मागवतात. ती सुरू होताच गॅरेजचा ब्रेकर पडतो. त्याच तारेवर घरचा मोठा फ्रीझर आहे, हे त्यांना तिसऱ्या दिवशी मासळीच्या वासावरून कळतं.