रुमालाखालचा भाव

महाराष्ट्र सरकारने २०२१मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून आमच्या घरात चाकांवरच्या घराची स्वप्नं पडू लागली. आत पलंग, ओटा, न्हाणीघर. जळगावच्या माणसाला एवढंच विचारायचं असतं, की त्यात पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजता येतील का? नाही म्हणे. मग हिवाळ्यात भरीत पार्टीला शेतावर जाताना अख्खं बिऱ्हाड आणि बामणोदच्या वांग्यांची गोणी मावेल अशी सात आसनी गाडी घ्यायचं ठरलं. आमच्याकडची मौजेची गाडी ती हीच.

शोरूममध्ये कोटेशन हातात आलं. एक्स-शोरूम म्हणजे ज्या भावात गाडी कुणालाच मिळत नाही तो भाव. त्यावर रोड टॅक्स : दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, डिझेलला १४. शिवाय दहा लाखांवर गेलात की १ टक्का टीसीएस, जो निदान आयकरात वळता करून घेता येतो. हे सगळं सरकारी, तिथे घासाघीस नाही. खरी गंमत त्याच्या खालच्या ओळींत : विमा, ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी, कोटिंग आणि 'हँडलिंग'. नुसती गाडी विकून डीलरला सुटतं ते बेताचंच; विमा, कर्ज आणि सर्व्हिसिंगवर त्याचं दुकान चालतं, हेही सांगायला हवं. विमा बाहेरून घ्यायची मुभा आपल्याला असते. पण तसं म्हणताच समोरच्या पोराचा चेहरा असा पडतो, जणू आपण त्याच्या लग्नाला घरून डबा घेऊन आलोय.

"हँडलिंग म्हणजे?" मी विचारलं.

"सर, गाडी गोदामातून इथपर्यंत आणायची हाताळणी."

"तिला चाकं आहेत ना?"

बायको सराफ बाजारात वाढलेली. "म्हणजे मजुरीच की," ती म्हणाली. "पण सोन्याची मजुरी दागिना घडवणाऱ्याला जाते. ही कुणाला?"

पोरगा पाणी आणायला गेला.

शेवटी धुळ्याहून मामांना बोलावलं. मामांचा जन्म बैलबाजारात दलाली करण्यात गेला. तिथे रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव ठरतो. शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही, आणि मालकाला कळतं ते दलालाला कळवावंसं वाटेल तेवढंच. मामांनी कोटेशन हातात घेतलं आणि दर ओळीवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारला, "हाई काय शे?" कोटिंगपाशी पोराचा आवाज बसला.

मग मामा उठून गाडीभोवती फिरले. "दात किती?"

पोरगा हसला. मामा हसले नाहीत. बैलाचं वय दातांवरून काढतात, गाडीचं चेसिस नंबरवरून. मागवून पाहिला, तर आमच्यासमोर हार घालून उभी केलेली ही नवरी गेल्या वर्षी कारखान्यातून निघालेली! "जुळेल शे," मामा म्हणाले. जुळेल म्हणजे सगळे दात आलेलं; अशा जनावराचा भाव पडतो. शोरूममध्ये मात्र कोणी विचारेपर्यंत तो पडत नाही.

मॅनेजर स्वतः आले. निघाले पारोळ्याचे. मामांनी खांद्यावरचा रुमाल काढून काचेच्या टेबलावर टाकला, हात पुढे केला, आणि त्या टायवाल्या माणसाने क्षणभरही न चाचरता आपला हात रुमालाखाली सरकवला. दोघे छताकडे बघत होते. एकदा मॅनेजरांनी मान हलवली, एकदा मामांनी हात ओढून घेतल्यासारखं केलं. मी आणि बायको, म्हणजे पैसे देणारी दोघं, शेजारी बसून पंख्याचा वारा खात होतो.

रुमाल उचलला तेव्हा हँडलिंग गेलं होतं, मॅट फुकट आल्या होत्या आणि मागच्या वर्षाच्या गाडीची सूट लागली होती. कितीची, ते बिलावर वाचा, असं मामा म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्यापुढे हात पसरला. दुसऱ्या हातात कंपनीची कोरी छत्री होती, आणि खिशातून शोरूमची मोफत सर्व्हिसिंगची दोन कुपनं डोकावत होती. मामांकडे गाडी नाही.

"दलाली दोन्हीकडथीन लेतस, भाचा."