सगळ्यांचा पाठिंबा आहे

माझं लग्न बारावीवर झालं. यंदा मुलगा पहिलीत गेला आणि मी एफवायला. घरातल्या सगळ्यांचा मला भक्कम पाठिंबा आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण हा लेख घरातही वाचला जाणार.

यजमानांचा पाठिंबा सर्वांत मोठा. "तू निवांत वाच, स्वयंपाकाचं मी बघतो," म्हणत ते ओट्याशी उभे राहतात. मी समाजशास्त्रातलं कुटुंबसंस्थेचं प्रकरण उघडते. हिंग कुठाय? आधी जिरं की मोहरी? डाळीला किती शिट्ट्या? मिक्सरचं झाकण असं का लागतंय? मी श्रमविभागणीपर्यंत पोचते तोवर आमटी झालेली असते, आणि ती मीच केलेली असते. जेवताना फोनवर भावाला मात्र सांगतात, "हल्ली स्वयंपाक माझ्याकडे असतो."

सासूबाई टीव्हीवरची मालिका माझ्यासाठी आवाज पूर्ण बंद करून बघतात, आणि "ही आत्ता काय म्हणाली गं?" असं मलाच विचारतात. चिरंजीवांना तर आईचा फार अभिमान. आई मागे नापास झाली होती म्हणून तिला परत शाळेत घातलंय, असं ते वर्गात सांगून आलेत.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली नाशिकला सुरू झालं, ते रोज कॉलेजात जाऊ न शकणाऱ्या आमच्यासारख्यांसाठीच. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. आमच्याही घरी गंगा आली. पुस्तकांच्या गठ्ठ्याला सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायची सोय झाली. संपर्कसत्रं रविवारी असतात. नणंदही रविवारीच येते.

2021 च्या डिसेंबरात विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना कळवलं, की विद्यार्थिनींच्या बाळंतपणाच्या रजेचे नियम करा, हजेरीत सवलत द्या. फार चांगलं केलं. हळदीकुंकू, बारसं, डोहाळजेवण इथल्या हजेरीत सवलत देणारा आयोग तेवढा अजून नेमायचा राहिलाय. 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, अशी मातृत्व लाभ कायद्यात 2017 मध्ये दुरुस्ती झाली. ती नोकरी करणाऱ्यांसाठी. विद्यार्थिनी कॉलेजात शिकायला येते, त्यामुळे तिचं पोर कडेवरच.

आमच्या अभ्यासकेंद्रात एकीचं तान्हं मागच्या बाकावर झोपतं आणि सर लोकशाहीची वैशिष्ट्यं चक्क कुजबुजत शिकवतात. ते चुळबुळ करू लागलं की शेजारची त्याला थोपटते आणि दुसऱ्या हाताने दोघींच्या वह्या लिहिते. कुणी भाषण करत नाही, फोटो काढत नाही, हिंग कुठाय विचारत नाही. मला विचाराल तर पाठिंबा म्हणतात तो हा.

परीक्षा मे महिन्यात आहे, म्हणजे ऐन लग्नसराईत. तेव्हा समस्त नातेवाइकांना नम्र विनंती: पत्रिका जरूर पाठवा, आहेर पोचता होईल. आठ दिवस आधी रुखवताच्या तयारीला मात्र मला बोलावू नका. स्वयंपाकाला माणूस कमी पडत असेल, तर यजमान मोकळे आहेत.