कोपरदुरुस्तीचा राजमार्ग, व्हाया आउटर रिंग रोड

बेंगळुरूच्या मारतहळ्ळीत राहूनही ज्याचं कोपर दुखत नाही, त्याचे प्रयत्नच कमी पडतात. साधनांची इथे वानवा नाही. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन येतो, तो गळ्याशी धरून, तळहात खाली ठेवून, एका झटक्यात डिस्पेन्सरवर उलटा करावा. दिवसभर मनगट उचलून माउस चालवावा. संध्याकाळी तासाभराचं बॅडमिंटन कोर्ट बुक करून, अंग न तापवता, पंचविशीतल्या सहकाऱ्याला बॅकहँड दाखवावा. रविवारी पुण्याहून पाहुणे येतातच. त्यांच्यासाठी तीस पोळ्या लाटाव्यात. मग एका सकाळी दर्शिनी उपाहारगृहात फिल्टर कॉफीचा पेला उचलताना कोपराच्या बाहेरच्या हाडावर कळ येते. याला टेनिस एल्बो म्हणतात. टेनिस खेळला नसाल तरी संकोच नको, बहुतेक रुग्ण खेळलेले नसतात. १८८२ साली हेन्री मॉरिस या इंग्रज डॉक्टरांनी ‘लॉन टेनिस आर्म’बद्दल लिहिलं आणि बदनामी टेनिसच्या वाट्याला आली ती कायमची.

(कळ आतल्या बाजूला असेल तर गोल्फर्स एल्बो. करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील तर नस दाबली जातेय. फोन कानाला लावून तास-तास कोपर दुमडून बसणं आधी बंद. आणि स्कूटरवरून खड्ड्यात पडून कोपर सुजलं असेल, सरळ होत नसेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि एक्स-रे काढा. पुत्तूर कट्टूवाल्या हाडवैद्यांच्या पाट्या बेंगळुरूत जागोजागी दिसतात, पण त्या एक्स-रेनंतर वाचाव्यात. ताज्या दुखापतीवर रगडून मालिश तर नकोच. कोपराजवळच्या स्नायूत नको तिथे हाड धरतं आणि हात कायमचा आखडू शकतो.)

आता उपचार. पहिले आठ दिवस ऑफिसात पट्टा बांधून मिरवावं. पट्टा सांध्यावर नव्हे, कोपराखाली दोन बोटं सोडून, हाताच्या मांसल भागावर. त्याने कळ थोडी कमी होते आणि तो मॅनेजरला लांबून दिसतो, हे दोन्ही फायदे खरे आहेत.

त्यानंतर कोणीतरी स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवतं. हा शब्दशः कोपराला लावलेला गूळ. ब्रिस्बेनच्या संशोधकांनी २००६ साली रुग्णांचे तीन गट करून पाहिलं: इंजेक्शनवाले, फिजिओथेरपीवाले आणि नुसते वाट पाहणारे. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सर्वांच्या पुढे. वर्षाअखेर तेच सर्वांत मागे, दुखणं पुन्हा उलटलेलं. फिजिओथेरपीवाले आणि वाट पाहणारे मात्र वर्षाअखेर जवळपास एकाच मुक्कामी पोहोचले. फिजिओवाल्यांना सुरुवातीचे आठवडे सुसह्य गेले, इतकंच. मुद्दा असा की या दुखण्याला घाई चालत नाही. आणि घाई न चालण्याच्या बाबतीत मारतहळ्ळीकराइतका तयार रुग्ण जगात नाही.

म्हणून व्यायाम रस्त्यावर, वाहतूक कोंडीत करावा. (गाडी दुसरा कोणीतरी चालवत असेल तरच.) कॅबमध्ये किंवा ५००-डी बसमध्ये, बसायला मिळालं तर, हात मांडीवर पालथा ठेवा, मनगट गुडघ्याच्या पुढे. दुसऱ्या हाताने वरून दाबा आणि या मनगटाने तो दाब अडवा, न हलता, पाऊण मिनिट. मग मिनिट-दोन मिनिटं विसावा. असं पाच वेळा. मारतहळ्ळीच्या पुलापासून कडुबीसनहळ्ळी येईपर्यंत पाचही सहज उरकतात, बहुधा दोनदा. दोन-तीन आठवड्यांनी मुठीत अर्धा लिटरची भरलेली बाटली घ्या. मनगट दुसऱ्या हाताने वर उचलून द्या आणि बाटली एकट्या दुखऱ्या हाताने, पाच अंक मोजत, खाली सोडा. पंधरा वेळा, तीन फेऱ्या. थोडं दुखेल, दुखू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं असेल तर मात्र पाणी कमी करा. कंडरेचे झिजलेले धागे बेताच्या ओझ्यानेच पुन्हा बळकट होतात. हात गळ्यात बांधून महिनाभर बसलात तर ते नुसते दुबळे होतील. बारा आठवडे हा क्रम. कंटाळा येणं हा उपचाराचाच भाग आहे.

तीन महिने फार वाटत असतील तर सचिन आठवा. सगळा देश त्या एका कोपराची चौकशी करत होता. मे २००५मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि तो पुन्हा भारतासाठी खेळला ऑक्टोबरच्या अखेरीस, नागपूरला, श्रीलंकेविरुद्ध. धावा केल्या ९३. एवढे फिजिओ दिमतीला असून पाच महिने लागले. तुमच्या दिमतीला कंपनीचा विमा आहे, आणि ओपीडी त्यात बहुधा बसत नाही.

कोर्टावर परतताना रॅकेटच्या तारा थोड्या सैल करून घ्या, मूठ आवळून धरू नका. पाण्याचा कॅन यापुढे दोघांनी उचलायचा, तळहात वर. पहिला महिनाभर फक्त डबल्स, जोडीदार पंचविशीच्या आतला, आणि बॅकहँडला शटल आलं की जागचं न हलता मोठ्याने ‘युवर्स’ म्हणायचं.