उलाळ, अर्थात ढोलांच्या ट्रेलरला हिच निवडण्याची शास्त्रोक्त पद्धत

आमच्या मंडळाने ट्रेलर घेण्याचा ठराव 7 मिनिटांत मंजूर केला. 7 फूट रुंद, 14 फूट लांब, दोन आसांचा, पांढराशुभ्र, बंदिस्त. गणपतीचं मखर आणि 30 ढोल ज्यांच्या तळघरात वर्षभर पडून असायचे, त्या घरच्या वहिनींनी अनुमोदन दिलं, तेही दोनदा. हा ट्रेलर पिकअपला जोडणारं लोखंड, म्हणजे हिच, निवडायला मात्र 11 आठवडे लागले. न्यू जर्सीतल्या पुढच्या कार्यकारिणीवर ही वेळ येऊ नये, म्हणून हे मार्गदर्शन.

आधी रोग ओळखावा. भरलेला ट्रेलर जोडला की पिकअपचं बूड खाली बसतं आणि नाक वर होतं. पुढच्या चाकांवरचा भार कमी झाल्याने स्टिअरिंग हलकं लागतं, ब्रेकची पकड सैलावते, आणि रात्री समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत हेडलाइट जातात. यावर औषध म्हणजे वेट डिस्ट्रिब्युशन हिच, अर्थात भार वाटून देणारा हिच. त्यात स्प्रिंगच्या पोलादाच्या दोन दांड्या असतात. एक टोक हिचच्या डोक्यात, दुसरं ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावर. त्या ताणून बसवल्या की हातगाडीच्या मुठी उचलल्यासारखा परिणाम होतो: मागच्या चाकांवरचा थोडा भार पिकअपच्या पुढच्या चाकांवर जातो, थोडा ट्रेलरच्या आसांवर. ओझं कमी होत नाही, वाटलं जातं. वाटून घेणे ही कल्पनाच कार्यकारिणीला नवीन असल्याने या वाक्यावर बराच वेळ गेला.

आता निवड. इथे प्रत्येक जण थेट ब्रँडवर उडी मारतो. सेक्रेटरी इक्वलायझरवाले, खजिनदार ब्लू ऑक्सवाले. सांस्कृतिक समितीला अँडरसन हवी होती, कारण तिच्यात दांड्यांऐवजी साखळ्या आहेत आणि ती दिसायला नाजूक आहे. दोन सभा यात संपल्या. ट्रेलरच्या जिभेवर किती वजन पडतं, हे तोवर कोणीही मोजलं नव्हतं.

जीभ म्हणजे ट्रेलरचं पुढे आलेलं, हिचवर टेकणारं टोक. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के वजन तिच्यावर यावं, असा नियम. तो अमेरिकन अभियंत्यांनी लिहिला असला तरी सांगली जिल्ह्यातल्या माझ्या आजोबांना तो तोंडपाठ होता, टक्के न वापरता. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते: जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. माल फार पुढे आला तर बैलांची मान मोडते. आजोबा जू दोन्ही हातांनी उचलून बघायचे, आणि म्हणायचे, "दोन पोती फुडं घ्या." पिकअपला गळा नसल्याने ती उलाळ झालेली कळत नाही. कळतं ते हायवेवर, 60 मैलांच्या वेगात, शेजारून मोठा ट्रक गेल्यावर, जेव्हा बंदिस्त ट्रेलरची सपाट भिंत शिडासारखी वारा धरते आणि मागे शेपूट हलू लागतं.

आजोबांचे हात उपलब्ध नसल्यास बाथरूममधला काटा घ्यावा. एका बाजूला वीट, दुसऱ्या बाजूला काटा, दोन्हींवर आडवी भक्कम फळी. जिभेचं टोक विटेपासून 1 फुटावर आणि काट्यापासून 2 फुटांवर टेकवायचं. काट्यावर येईल त्याची तिप्पट करायची. ट्रेलर सपाट जागी हवा, चाकांना अडणी लावलेली हवी, आणि काटा कोणाचा हे घरी विचारलेलं हवं. मी तिसरी अट पाळली नाही.

सामानासकट आमच्या ट्रेलरचं वजन ट्रकस्टॉपवरच्या मोठ्या काट्यावर 5,400 पाउंड भरलं होतं. बाथरूमच्या काट्याने 130 दाखवले. तिप्पट 390, म्हणजे सात टक्क्यांच्या जरा वर. शुद्ध उलाळ. कारण उघड होतं: मिरवणुकीला ढोल सगळ्यात आधी लागतात, म्हणून ते सगळ्यात शेवटी, मागच्या दाराशी रचले होते. स्टेजचे पाटही तिथेच. त्यावर वादक पथकाचं म्हणणं पडलं की ढोल पुढे टाकले तर आधी मखर उतरवावं लागेल, आणि हा वादनकलेचा अपमान आहे. तासाभराने कोणाच्या तरी लक्षात आलं की ट्रेलरला पुढे, उजव्या अंगाला एक छोटं दार आहे. ते त्या दिवसापर्यंत कोणी उघडलंच नव्हतं. ढोल आणि पाट पुढे गेले, काटा 215 वर आला, तिप्पट 645. बारा टक्के. आजोबांनी मान डोलावली असती.

या आकड्यात पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या मागे ठेवलेलं सामानही मिळवायचं असतं. आमचा जनरेटर 120 पाउंडांचा, म्हणून 765. म्हणजे जिभेला 800 आणि ट्रेलरला 8,000 पाउंडांचा हिच पुरला. खजिनदारांना 1,400 चा हवा होता, 'मुलांच्या कामी येईल' म्हणून. दांड्या गरजेपेक्षा ताठ असल्या की प्रत्येक खड्ड्याचा धक्का पाठीच्या मणक्यात आणि ट्रेलरच्या सांगाड्यात जातो. हिचला वाढत्या अंगाचा सदरा शिवत नाहीत.

ब्रँडचा वाद शेवटी टेपने मिटवला. बंदिस्त ट्रेलरचं नाक टोकदार असलं की त्रिकोणी सांगाडा थोडासाच बाहेर उरतो, आणि त्यात जॅकही असतो. दांड्यांचे ब्रॅकेट बसायला जागा आहे का, हे आधी मोजावं. आमच्याकडे एकाच नमुन्याचे बसत होते, तेव्हा तत्त्वनिष्ठा आपोआप शमल्या. बॉलचं माप कपलरवर कोरलेलं असतं. आमचं 2 पूर्णांक 5 छेद 16 इंच. चौथीत हा अपूर्णांक कशाला शिकवतात, याचं उत्तर मला या वयात मिळालं. 2 इंची बॉलही त्यात बसल्यासारखा दिसतो; खड्ड्यात निसटतो.

बसवताना पिकअपच्या पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासून उंची मोजायची. ट्रेलरशिवाय आमची 38 इंच, नुसता जोडल्यावर 39 आणि पाव, दांड्या ताणल्यावर साडेअडतीस. किती उतरवायची ते गाडीच्या पुस्तकात असतं. 38 च्या खाली मात्र जाऊ नये. दांड्या अडकवण्याआधी जॅकने पिकअपची शेपटी उचलून घ्यावी, नाहीतर तो लोखंडी दांडका उसळून हनुवटीवर येतो. हिच आणून पिकअपची क्षमता वाढत नाही, हेही सांगून ठेवतो. काही गाड्यांच्या पुस्तकात असला हिच लावायला साफ मनाई असते.

शेवटची अडचण ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरने आणली. माणसं आणि सामान मिळून 1,500 पाउंड. जीभ 645, हिच स्वतः 100, जनरेटर 120, उरले 635. पिकअपमध्ये पाच पदाधिकारी बसले होते, सगळे गणेशोत्सवाच्या आधीचे, म्हणजे मोदकांपूर्वीचे. तरीही बेरीज बसेना. गाडीत काटा होताच, पण त्यावर पहिलं उभं कोण राहणार? शेवटी अध्यक्ष म्हणाले, "मला तसंही फुलं आणायची आहेत," आणि स्वतःच्या गाडीने निघाले.

काटा मी रात्रीच बाथरूममध्ये नेऊन ठेवला. त्याच्या काचेवर फळीचा एक तिरका ओरखडा आहे, आणि वजन तो आता 2 पाउंड कमी दाखवतो. घरात सध्या आनंदाचं वातावरण आहे.