जीप, ताम्हिणी आणि सासूबाईंची पिशवी

जुन्या जीपमध्ये वीज नोकरीला नसते, पाहुणी म्हणून येते. मन झालं तर दिवा लावते, नाहीतर बॅटरीतच पाय पसरून बसते. आमच्या मेहुण्याची जीप 1989 सालची. डिझेल इंजिन, फोर व्हील ड्राइव्ह, आणि वरून कापडी हूड. पावसाळ्याच्या तोंडावर त्याने चासी खरवडून घेतली आणि तिला काळाकुळकुळीत रंग मारला. "दाजी, खाली वाकून बघा. रंगावाचून एक बोल्ट सापडायचा नाही!" मी वाकून बघितलं. खरोखरच सापडला नाही.

या रंगाच्या सन्मानार्थ दिवेआगरला जायचं ठरलं, ताम्हिणी घाटातून. सासूबाईंना मानाने पुढची सीट दिली. मी आणि बायको मागच्या आडव्या बाकांवर, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून. खड्डा आला की आमचा संसार एकदम जवळ येई.

पौडच्या अलीकडेच एक चमत्कार लक्षात आला. मेहुण्याने ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचे दिवे मंद उजळत आणि ब्रेक सोडला की विझत.

"हे असंच असतं का रे?" बायकोने विचारलं.

"ताई, ब्रेक लागतोय हे ड्रायव्हरला कळावं म्हणून आहे ते."

ब्रेक लागतोय हे आम्हाला डोकं हुडाच्या पाइपावर आपटून कळत होतंच, त्यामुळे कोणी वाद घातला नाही.

मुळशीचं धरण मागे पडलं आणि पाऊस असा सुरू झाला की वायपर नुसता हजेरी लावू लागला. ताम्हिणीत रस्त्याच्या एका अंगाला धबधबे, दुसऱ्या अंगाला धबधब्यांचे फोटो काढणारे, आणि मधोमध आम्ही. सासूबाईंच्या मांडीवर मोठी पिशवी होती. तीत लाडू, छत्री, औषधं आणि जपाची माळ असा आपत्कालीन साठा. ती ठेवायला जागा दिसेना, तेव्हा त्यांनी डॅशबोर्डच्या खाली बाहेर आलेल्या एका दांड्याला ती अडकवली आणि हात मोकळे करून नमस्कार केला. पुढच्याच वळणावर इंजिन बंद पडलं.

मेहुण्याने सेल्फ मारला. टक्. पुन्हा मारला. टक्. इंजिन काही हलेना.

आपल्याकडे बंद पडलेल्या गाडीभोवती जमणाऱ्या माणसांना निदान ठाऊक असतंच, फक्त प्रत्येकाचं निराळं असतं. एक म्हणाला बॅटरी गेली. दुसरा म्हणाला सेल्फचे कार्बन गेले. तिसऱ्याने गाडी विकायचा सल्ला दिला आणि भिजलेलं कणीस खात पुढे गेला. मेहुण्याने नवाकोरा डिजिटल मीटर बाहेर काढला. बॅटरीवर 12.6 व्होल्ट. सेल्फच्या जाड तारेवर 12.6. फ्यूजवर 12.6.

"बघा! बॅटरी फुल आहे, वायरिंग फुल आहे!" तो आनंदाने म्हणाला. गाडी बंद पडलेली आहे ही किरकोळ बाब त्याच्या आनंदाच्या आड आली नाही. तो सेल्फ मारतच राहिला.

"अरे, हा दांडा केवढा तापलाय!" सासूबाई म्हणाल्या.

"आई, थांब जरा. इथे इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम चालू आहे."

सासूबाईंनी पिशवी काढली. तिचा नायलॉनचा बंद दांड्याला चिकटून ताणला गेला, मग तुटला. त्या पुटपुटल्या आणि पसारा नको म्हणून दांडा नीट आत सारून ठेवला.

शेवटी धक्का. फोर व्हील ड्राइव्ह गाडी ढकलताना चारही चाकं सारख्याच निष्ठेने विरोध करतात. धबधब्यावर आलेली चार मुलं मदतीला आली, उतार लागला, मेहुण्याने दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि इंजिन धडधडत सुरू झालं. "फ्यूज दाबून बसवले ना मघाशी, म्हणून!" तो ओरडला. डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर चालत राहायला ठिणगी लागत नाही, ही त्यातल्या त्यात सोय. पण बंद करायचं धाडस कुणातही नव्हतं. म्हणून विळ्याजवळ चहाला थांबलो तेव्हा हॉटेल चवीवर निवडलं नाही, उतारावर निवडलं. इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, मेहुणा गाडीत, आणि त्याची भजी आम्ही खिडकीतून आत देतोय.

त्या भज्यांवर त्याने इतिहास सांगितला. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला 6 व्होल्टची बॅटरी असे, आपल्याला 12 ची आहे, म्हणजे आपण दुप्पट सुखी. मी म्हटलं, ते लोक युरोपात पोचले, आपल्याला माणगाव गाठायचंय.

माणगावला महामार्गालगत पत्र्याच्या शेडमध्ये एक वायरिंगवाला बसला होता. भिंतीवर जुने डायनामो टांगलेले, हातात टेस्ट लॅम्प, म्हणजे एका बल्बला जोडलेल्या दोन तारा. त्याने मेहुण्याचं सगळं ऐकून घेतलं, मीटर हातात घेतला आणि त्याचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावलं.

"गाडी बंद करा. आता सेल्फ मारा."

टक्. मीटरवर चार व्होल्टच्या वर आकडा.

"इथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको. चार वाटेतच खाल्ले."

मग तो हात पुसत समजावू लागला. करंट बॅटरीतून निघून सेल्फपर्यंत गेला की काम झालं असं गिऱ्हाइकाला वाटतं. त्याला बॅटरीकडे परतही यायचं असतं. जायला तांब्याची तार, यायला गाडीचं लोखंड, आणि इंजिन व चासी यांना जोडणारी एक विणलेली पट्टी. डिझेलचा सेल्फ दोन-तीनशे अँपिअर ओढतो. वाटेत ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा आला तरी तीनशे अँपिअरला तीन व्होल्ट तिथेच जिरतात. नुसता मीटर लावला तर तो 12.6 च दाखवणार, कारण तेव्हा करंट जवळजवळ वाहतच नाही. म्हणून तर हा बल्ब. तो करंट ओढून बघतो.

"पट्टीतून वाट मिळाली नाही की करंट मिळेल त्या तारेतून परततो. एखादी केबल तापली होती का?"

जीपमध्ये शांतता पसरली. सासूबाई सावकाश खाली उतरल्या आणि त्यांनी पिशवीचा वितळलेला बंद समोर धरला.

"हा बघा. त्या दांड्याला अडकवली होती."

"मावशी, तो डिझेल बंद करायचा दांडा. ओढला की इंजिन थांबतं." वायरिंगवाला हसला. "गाडी तुम्ही थांबवलीत, आणि रोगसुद्धा तुम्हीच पकडलात."

तो जीपखाली सरकला. पट्टीचा बोल्ट काढला तेव्हा खाली लोखंड दिसायच्या ऐवजी काळा, चकचकीत, निर्दोष रंग दिसला. पट्टी थेट रंगावर कसली होती. त्याने खिशातून जुनी ब्लेड काढली आणि रुपयाएवढा गोल खरवडायला घेतला. प्रत्येक ओरखड्याला मेहुण्याचा चेहरा बघवत नव्हता. खालून रुपेरी लोखंड निघालं, पॉलिश पेपर फिरला, वर ग्रीसचं बोट लागलं. मग मागच्या लाइटच्या बोल्टखालीही तेच. तिथला रंग अर्थिंग अडवत होता, म्हणून ब्रेकचा करंट त्याच बल्बच्या पार्किंगच्या फिलामेंटमधून उलटा शिरून डॅशबोर्डवर पोचत होता.

सेल्फ मारला. अर्ध्या फेरीत इंजिन सुरू. ब्रेक दाबला, डॅशबोर्ड काळोखात.

"रंग मात्र मस्त आहे," वायरिंगवाला पैसे घेताना म्हणाला.

म्हसळ्यापर्यंत मेहुणा गप्प होता. मग म्हणाला, "पुण्याला गेल्यावर सगळे अर्थिंगचे बोल्ट खोलून रंग खरवडतो."

"ते नंतर," सासूबाई म्हणाल्या. "आधी माझ्या पिशवीला बंद लावून दे. आणि या वेळी सुती लाव, नायलॉनचा लवकर वितळतो."